डावीकडची पट्टी

पिट्सबर्ग, १२ ऑक्टोबर २०१७

रोझ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील तर पुढे वाच. फाडलं असशील तर प्रश्नच मिटला.

पत्ता चेटकडून काढला. शेजारच्या चेटला दर नाताळात तुझं कार्ड येतं आणि सख्ख्या बहिणीला येत नाही, हे त्यानेच मला दात काढत ऐकवलं. "कार्डावर निवडुंगाला लाल टोपी घातलीय बघ," म्हणाला, आणि मला बघू मात्र दिलं नाही. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला दुसरं काही काम उरलेलं नाही. दिवसभर खिडकीत बसतो आणि गल्लीचा कारभार बघतो.

कामाचं आधी सांगते. आपल्या ग्रंथालयात नवीन बाई आल्यात, मिस रफिन. तिशीच्या आहेत, पण बोलतात अशा की मोठमोठे ऐकतात. त्यांना माझे रस्त्यावरचे फोटो लावायचेत. चाळीस फोटो, अख्खी लांब भिंत, फेब्रुवारीचा पूर्ण महिना. एकाहत्तराव्या वर्षी माझं प्रदर्शन. आई असती तर म्हणाली असती, आधी खिडक्या पूस.

मधोमध त्यांना तो बक्षीस मिळालेला फोटो हवाय. कुठला, ते तुला सांगायला नको.

तो माझ्याकडे नाही. गेल्या हिवाळ्यात तळघरातला पाइप फुटला आणि निगेटिव्हचे खालचे डबे भिजले. २००७ सालचा डबा उघडला तर आत नुसता लगदा. जगात त्या फोटोचा एकच प्रिंट उरलाय. तू त्या दिवशी ग्रंथालयाच्या भिंतीवरून उतरवून कोटाखाली घालून नेलास, तो. फेकला नसशील तर पाठव. जाड पुठ्ठ्यात घाल आणि दुमडू नकोस.

तेव्हा म्हणाले होते, आजही म्हणते, मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. मी कुणाला उभं करत नाही, कुणाला हस म्हणत नाही. रस्ता देतो ते घेते. फोटोत आहे ते आहे.

इकडे सगळं तसंच आहे. तुझ्या जुन्या घरात आता एक नवराबायको राहतात, त्यांनी दार हिरवं रंगवलंय. वाईट नाही दिसत.

बर्नी


पिट्सबर्ग, २ नोव्हेंबर

रोझ,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. उत्तरही आलं नाही, म्हणजे तूही तशीच आहेस.

तीन आठवडे मी टपालवाल्याची वाट बघतेय. तो लांबूनच मान हलवतो. काल तो चालता चालता स्वतःच्याच पिशवीत काहीतरी शोधत होता आणि एक पाय हवेत तसाच राहिला होता. मी दारातूनच फोटो घेतला. त्याला कळलंही नाही.

चेट म्हणतो, "तू लोकांचे चोरून फोटो काढतेस आणि वर त्याला कला म्हणतेस." मी म्हटलं, "आणि तू खिडकीतून बघतोस त्याला काय म्हणायचं?" तो म्हणाला, "मी बघतो आणि सोडून देतो. तू घरी घेऊन जातेस."

त्याचं ते बोलणं मला लागलं. चेटचं सहसा मला काही लागत नाही.

तुला मी हे कधी नीट सांगितलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी बस चालवली. सगळं शहर माझ्या काचेसमोरून गेलं. एक बाई थांब्यावर उभ्या उभ्या रडत होती आणि रडता रडता नाणी मोजत होती. एक म्हातारा डोंगराच्या पायऱ्या चढत होता, दोन्ही हातांत वाढदिवसाचा केक, तोंडात टोपी, कारण वारा. असं काही दिसलं की मला वाटायचं, थांब, हे जाऊ देऊ नकोस. तेवढ्यात दिवा हिरवा व्हायचा. मागून हॉर्न सुरू. अठ्ठावीस वर्षं मी हे सगळं मागे टाकत गेले. निवृत्त झाले त्याच आठवड्यात चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत तो कॅमेरा मिळाला. तेव्हा तूच हसली होतीस. म्हणालीस, लोक निवृत्तीनंतर कुत्रा पाळतात.

आणि मी विचारत नाही, हे खरं आहे. विचारलं की माणूस केस सारखे करतो, पोट आत घेतो आणि जे बघून मी थांबले होते तेच नेमकं निघून जातं. परवा थांब्यावर एक नर्स बूट बदलत होती, एका पायावर उभी राहून, तोल जाऊ नये म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून. तो पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही, पण खांदा थोडा खाली केला, तिला सोपं जावं म्हणून. आता सांग, हे मी विचारून कसं घेणार होते?

प्रदर्शनासाठी डार्करूम आवरायला काढलीय. डार्करूम कसली, तळघरातल्या आडोसा नसलेल्या कमोडशेजारचा कोपरा तो. फोटो धुवायचे ट्रे अजून त्याच्याच झाकणावर मांडते. मिस रफिनना दाखवलं तर त्या दोन मिनिटं हसतच होत्या.

आवरताना फोटो मोठे करायच्या एन्लार्जरच्या मागच्या खिळ्यावर एक गोष्ट सापडली. चार दिवस झाले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पालथी पडलीय. मी तिच्याशेजारी बसून जेवते.

नको, राहू दे.

फोटो पाठव.

बर्नी


पिट्सबर्ग, १९ नोव्हेंबर

रोझ,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं आणि दुसऱ्यात लपवलं. आता खरं लिहिते, आणि एका दमात लिहिते, नाहीतर उठून भांडी घासायला लागेन.

खिळ्यावर सापडली ती फोटोची पट्टी आहे. आठ इंच उंच, तीन इंच रुंद. तुझ्या फोटोची डावी बाजू. ती मी कटरने कापली होती. मागच्या बाजूला पेन्सिलीने किती सेकंद प्रकाश दिला ते लिहून ठेवलंय, म्हणून टाकली नव्हती. एवढ्याच कारणासाठी ती दहा वर्षं राहिली.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, आणि तुलाही आठवत असणार. तुझा नवरा जाऊन, आपला अँडी जाऊन, तीन दिवस झाले होते. गेला त्या सकाळी रस्त्यावरचा बर्फ उपसून त्याने गाडीची जागा मोकळी केली, स्वयंपाकघरातली ती पिवळ्या बैठकीची खुर्ची आणून जागेत मांडली, फावडं भिंतीला टेकवलं आणि पायरीवर बसला तो बसलाच. दफनाच्या सकाळी शवपेटी चर्चमध्ये होती. आपल्याला न्यायला ती लांब काळी गाडी आली, आणि जागा एकच, अँडीने उपसलेली, आणि तिच्यात खुर्ची. आणि आपल्या गावचा नियम तर तान्ह्या पोरालाही ठाऊक, ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, आणि त्याने मांडलेली खुर्ची त्याला विचारल्याशिवाय कुणी हलवायची नाही.

तो पांढऱ्या हातमोज्यांचा ड्रायव्हर इथलाच. खुर्ची दिसली आणि गडी पुढे निघून गेला. गल्लीला तीन चकरा मारल्या बिचाऱ्याने. शेवटी काच खाली करून अगदी अदबीने म्हणाला, "ताई, ही खुर्ची कुणाची?"

मी म्हटलं, "जो गेला त्याची."

तो म्हणाला, "मग कुणाला विचारून हलवू?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यालाच विचार. चर्चमध्ये आहे. आज तरी उलटून बोलणार नाही."

तीन दिवस तू पाणी सोडून काही घेतलं नव्हतंस. बोलली नव्हतीस, रडली नव्हतीस. आधी तुझी सासू हसली. त्या म्हातारीच्या नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले आणि तिने तुझा दंड धरला. तू तिच्याकडे बघितलंस आणि तूही सुटलीस. डोकं मागे टाकून, तोंड उघडं, काळी टोपी एका बाजूला. माझा हात कॅमेऱ्याकडे कधी गेला मला कळलं नाही. एकच घेतला. मग तू रडायला लागलीस आणि मी कॅमेरा कोटात घातला. तेवढं तरी केलं.

पूर्ण फोटोत डावीकडे तुझी सासू होती, हसताना. तिच्यामागे खुर्ची. खुर्चीच्या मागे ती काळी गाडी, काच खाली, ड्रायव्हर बाहेर बघतोय. आपल्या गावातल्या कुणीही तो बघितला असता तर एका क्षणात समजलं असतं, आणि तोही हसला असता.

पण सासू हलली होती. तिचा चेहरा थोडा पुसट आला होता, कोपर अर्धं कापलं गेलं होतं. तू मात्र अशी स्वच्छ आली होतीस. मी कटरखाली प्रिंट धरला आणि डावी बाजू उडवली. उरलेला फोटो टेबलावर ठेवला आणि माझ्याच अंगावर काटा आला, इतका चांगला झाला होता. एकटी बाई, काळे कपडे, मागे बर्फ, आणि ते हसू. खाली नाव लिहिलं, 'दफनाचा दिवस'. ग्रंथालयाच्या स्पर्धेत त्याला पहिल्या बक्षिसाची निळी फीत लागली.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण माझ्या बाजूचं मला लिहायला हवं. ग्रंथालयात सगळ्या जमल्या होत्या, चर्चच्या तळघरात तुझ्याबरोबर गुरुवारी पाऱ्यांत बटाटा भरून पिएरोगी करणाऱ्या सगळ्या. तुझी सासू फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या पोराला मातीत ठेवायच्या दिवशी हिला हसू येत होतं. तू म्हणालीस, "मी एकटी हसले का?" मग तू माझ्याकडे वळलीस. "बर्नी, तू सांग."

त्याच्या दहाच मिनिटं आधी मी त्या बायकांसमोर छाती पुढे काढून म्हणाले होते की मी कधी काही कापत नाही, काही जोडत नाही. त्यामुळे मी कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला आणि म्हणाले, "फोटोत आहे ते आहे."

तू पुन्हा विचारलं नाहीस. फोटो उतरवलास, कोटाखाली घातलास आणि गेलीस. नाताळच्या आधी घर विकून थेट ॲरिझोनातलं टूसॉन गाठलंस.

दहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू फोटोवर चिडलीस, कलेतलं तुला काय कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज उघडली तर आत तीन इंचांची पट्टी.

मला लाज वाटते, रोझ. दुसरा शब्द नाही.

बर्नी


पिट्सबर्ग, १० डिसेंबर

रोझ,

पट्टी घेऊन तुझ्या सासूकडे गेले. एक्क्याण्णव वर्षांची आहे आता. डोंगरावरच्या वृद्धाश्रमात खिडकीची जागा मिळवलीय तिने. आधी त्या जागेवर बसणारीला तिने कसं उठवलं ते तिथल्या मुली कुजबुजत सांगतात.

"कोण आहे?"

"बर्नी. रोझची बहीण."

"ती फोटोवाली. माझा काढायचा नाही."

"काढून झालाय, मिसेस साबोल. तोच दाखवायला आणलाय."

तिने भिंग मागितलं. पट्टी खिडकीशी नेली आणि इतका वेळ बघत बसली की मला वाटलं तिला डुलकी लागली. मग म्हणाली, "ही म्हातारी कोण दात काढतेय?"

"तुम्हीच."

"मी नाही."

"कोटावरची पिन बघा."

पिन बघितली. तिच्या आईची ती, तुला माहीत आहे. भिंग तिथून सरकलं आणि मागच्या खुर्चीवर थांबलं. नखाने तिने खुर्चीचा पाय दाखवला, जिथे अँडीने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. "नवीन घे म्हटलं होतं," ती म्हणाली. "म्हणे, आई, रस्त्यात ठेवायला नवी कशाला?"

मी तिला सगळं सांगितलं. ड्रायव्हरचं, माझ्या बोलण्याचं, कटरचं. शेवटी तिने विचारलं, "आधी कोण हसलं?"

"तुम्ही."

"दहा वर्षं मी पाद्र्याला सांगत आले की सून हसली." मग तिने भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि ते डोळे अजून तसेच आहेत, रोझ. "मी म्हातारी आहे, मी विसरले. विसरायचंच होतं मला. पण तुला तर आठवत होतं."

मी हो म्हटलं.

"मग आधी तू जाऊन सांग. माझं मी नंतर बघते."

गुरुवारी चर्चच्या तळघरात गेले. बटाट्याचा वास, पीठ, त्याच टेबलांवर त्याच बायका, तीनचार कमी झालेल्या. मला बघून एकीने सवयीने एप्रन पुढे केला. मी म्हटलं, आधी बोलायचंय. आणि उभ्या उभ्या सांगितलं. पट्टी हातात धरून सांगितलं. पाऱ्यांच्या कडा दाबणारे हात थांबले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे खुर्ची होती होय," आणि दुसरी म्हणाली, "मग ड्रायव्हर काय करणार बिचारा." आणि दोघी हसल्या. अशा हसल्या की तिथेच मला रडू आलं. एवढंच पुरलं असतं तेव्हा. खुर्ची दिसली असती तर एवढंच पुरलं असतं.

मग मी एप्रन बांधला. माझ्या पिएरोगी अजूनही उकळताना फुटतात.

वृद्धाश्रमातून निघताना तुझ्या सासूने एक निरोप दिला होता. जसाच्या तसा देते. "तिला सांग, तिचं लाटणं माझ्याकडे आहे. मी परत दिलं नव्हतं."

पट्टी या पाकिटात आहे. तिची दुसरी प्रत नाही, निगेटिव्ह नाही, काही नाही. ती आता तुझी. उरलेला फोटो तुझ्याकडे असेल तर शेजारी ठेवून बघ. नसेल तर निदान एवढं तरी तुझ्याकडे असू दे, की तू एकटी हसली नव्हतीस.

आणि आता मी ते करते जे मी कॅमेरा घेतल्यापासून कुणासाठी केलं नाही. मी विचारते. तो फोटो मी लावू का? पूर्ण, कोपरासकट. तू नाही म्हणालीस तर नाही. मुळीच उत्तर दिलं नाहीस तर तेही नाहीच समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

बर्नी


पिट्सबर्ग, १४ जानेवारी २०१८

रोझ,

हे पत्र फोटोबद्दल नाही. मी शब्द दिलाय.

आज अँडीला अकरा वर्षं झाली. दफनभूमीत जाऊन आले. कुणीतरी आधीच बर्फ झाडून ठेवला होता. वृद्धाश्रमातल्या मुलीने सांगितलं की मिसेस साबोलनी सकाळीच गाडी मागवली होती, आणि परत येताना पाद्र्याकडे अर्धा तास थांबल्या. काय बोलल्या ते त्यांनाच माहीत.

चेटला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एकुलती एक पट्टी तू टपालात टाकलीस? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, आत्ता आलंय. नंतर त्याने मला निवडुंगाचं कार्ड दाखवलं. मागितलं नव्हतं. आत तू लिहिलंयस, 'गल्लीत सगळे बरे आहेत ना?' मी 'सगळे' हा शब्द दोनदा वाचला आणि कार्ड परत केलं.

मिस रफिननी एकोणचाळीस फोटो भिंतीवर मांडून बघितले. मधे जागा मोकळी आहे. त्या म्हणाल्या, तिथे नर्सचा लावू या, बूट बदलणारी, तो अनोळखी खांदा मला फार आवडतो. मी म्हटलं, तो कडेलाच राहू दे, मधली जागा मोकळी ठेवा. त्यांनी विचारलं, "कुणासाठी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं."

काल खूप दिवसांनी रोल न संपवताच घरी आले. बाजारात एक जोडपं मासळीवरून भांडत होतं, बाई माशाच्या शेपटीने नवऱ्याला मुद्दा पटवत होती. जुनी बर्नी असती तर चार फ्रेम घेतल्या असत्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, मी तुमचा फोटो घेऊ का? दोघं थांबले. केस सारखे केले. नवऱ्याने पोट आत घेतलं, बाईने मासा मागे लपवला आणि दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फोटो भिकार येणार. पण घेतल्यावर ती म्हणाली, आमचा दोघांचा एकत्र असा एकही नव्हता, आणि पत्ता लिहून दिला.

तिला प्रिंट पाठवणार आहे. चोरून काढणं मी सोडणार नाही, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. पण काढल्यावर दाखवता येतं आणि लावण्याआधी विचारता येतं. इतकं साधं होतं. बस चालवताना प्रवासी उतरला का हे आरशात बघितल्याशिवाय मी कधी दार लावलं नाही, आणि इथे मात्र बघितलं नाही.

थंडीत जपून राहा. तिकडे नसते, विसरले.

बर्नी


पिट्सबर्ग, १ फेब्रुवारी

रोझ,

काल दुपारी टपालवाल्याने लांबून मान हलवली नाही. दारापर्यंत आला. जाड पुठ्ठा, चारही बाजूंनी बांधलेला.

टेबलावर ठेवला आणि आधी हात धुतले. मग उघडला.

आत पत्र नव्हतं. मग फोटो बाहेर काढला. तू तो जपून ठेवला होतास. एक कोपरा दुमडलाय, उन्हाने थोडा पिवळा पडलाय, म्हणजे डब्यात नाही, कुठेतरी उजेडात होता. मला वाटत होतं तू तो फाडला असशील, आणि तू तो उजेडात ठेवला होतास. दहा वर्षं.

आणि डावीकडे पट्टी. तू जोडलीस. मागून काळ्या चिकटपट्टीने, एका रेषेत, जराही तिरकी नाही. पट्टी अजून काळी-पांढरी आणि तुझी बाजू पिवळसर, त्यामुळे मधे रेघ दिसते. सासूचा हात तुझ्या दंडावर त्या रेघेवरून जातो. मी तो कापला होता, आणि कापलाय हेही मला तेव्हा दिसलं नव्हतं. मनगट माझ्या खिळ्यावर होतं आणि बोटं तुझ्याकडे.

मग पालथा केला. चिकटपट्टीच्या खाली तुझं अक्षर. 'लाव. या वेळी विचारलंस.'

लावला. आज सकाळी मिस रफिन आणि मी दोघींनी लावला, मधोमध. त्या म्हणाल्या, याचा नवीन स्वच्छ प्रिंट काढून घेता येईल, जोड दिसणार नाही. मी म्हटलं, जोड दिसू दे. नाव बदललंय. खाली लिहिलंय, 'कुणाला विचारून हलवू?' शनिवारी उघडतंय. मिसेस साबोल येणार आहेत, त्यांनी गाडी सांगितलीय, आणि लाटणं पिशवीत घालून आणणार आहेत. मी म्हटलं, ती येईल असं कुठे म्हणालीय? त्या म्हणाल्या, "मी येतेय असं कुठे तुला विचारून ठरवलं?"

येच असं मी म्हणत नाही. टूसॉनहून इथे यायला गाडीने तीन दिवस लागतात. प्रदर्शन महिनाभर आहे.

पण काल रात्रभर बर्फ पडला. सकाळी चेटने खिडकीतून बघितलं आणि ओरडला, "बर्नी, तुझ्याकडे गाडी नाही. जागा कुणासाठी उपसतेस?" मला दम लागला होता. दर दहा फावड्यांनी थांबत होते, अँडीची आठवण ठेवून. दोन तास लागले. माझ्या दारासमोर, अख्ख्या गाडीची जागा, खाली डांबर दिसेपर्यंत. मग तळघरातून पिवळी खुर्ची वर आणली. घर सोडताना तू ती कचऱ्यापाशी ठेवली होतीस, मी उचलून आणली होती, हेही तुला कधी सांगितलं नव्हतं. पायाची चिकटपट्टी अजून घट्ट आहे.

जागेत मांडली. चेटने खुर्ची बघितली आणि खिडकी लावून घेतली. दुपारी हिरव्या दाराच्या घरातला नवरा गाडी घेऊन आला, खुर्ची बघितली आणि पुढे निघून गेला. नवीन आहे, पण शिकलाय.

बर्फ मार्चपर्यंत राहतो इथे. मांडायची ती मी मांडलीय. हलवायची मात्र तूच. तुझ्या घरची खुर्ची आहे, मी कुणाला विचारणार?

बर्नी